काहिलीतून पलीकडे

दाजीपूरच्या पुढं रस्ता संपला
तिथं भागोजी येडगे उभा होता गुडघाभर पाण्यात,
शेजारी काहील.
गुळाचीच. कडांना अजून काळी खरपूड.
"बसा," म्हणाला. म्हणाला असावा.
ओठ तसे हलले.

पोरानं मोबाइलवरून खोली घेतलेली.
नदी दोन फाट्यांत फुटून पुन्हा मिळते,
त्या मधल्या बेटावर
चार खोल्या, कौलं, सोलरचा मिणमिणता दिवा.
"बाबा, जरा शांततेत राहून या."
शांतता मला तो काय देणार.
इचलकरंजीत एकतीस वर्षं
सोळा माग डोक्याजवळ खडखडत होते,
त्यांनी जाता जाता कानातलं बारीक तेवढं नेलं:
कुकरची शिट्टी, दाराची बेल, नातीचं 'आबा'.
जाडंभरडं ठेवलं. ट्रक. ढोल. ढग.

काहील गरगरली.
शालननं माझा दंड धरला, भागोजीनं बांबू रोवला,
झाडं माझ्याभोवती एकदा पूर्ण फिरली,
अंजनी, जांभूळ, पिसा, आणि नावं माहीत नसलेली,
अंगाखांद्यावर शेवाळ, आमरी, दुसऱ्याच झाडांची पोरं.
लहानपणी गुऱ्हाळात अशाच काहिलीच्या कडेला
उसाचं कांडं बुडवून बसायचो मी.
आज मीच आत.

रात्री दिव्यासमोर तोंड धरून
(सवय आहे तिला)
शालन म्हणाली, "रातकिडे किती हो!"
मी बघितलं. अंधार होता.
"कसे?"
विचार केला तिनं.
"तुमचा कारखाना," म्हणाली,
"पण मालक नसलेला."

झोप नाही. पण खाटेच्या लोखंडातून
नदी पाठीत यायला लागली,
दोन्ही बाजूंनी,
डावीकडची जरा घाईत.
पहाटे पैलतीरावर गवा फुरफुरला.
तो ऐकला मी! शालनला हलवून उठवलं,
पोरगं दहावी पास झालं तेव्हा उठवलेलं तसं.
मग डोक्यावरून धनेश गेला,
पंखांचं हुश्श हुश्श, वाफेचं जुनं इंजिन जणू,
तोही माझ्या वाट्याचा.

सकाळी ओढ्याकडं नेलं भागोजीनं.
पायाला तंबाखूचं पाणी लावलेलं,
तरी तीन जळवा लागल्याच.
खडकावर निळसर काळं पाखरू.
चोच उघडी. गळा हलतोय. शेपूट उघडमीट.
माझ्यासाठी काचेमागचं.
"माणसागत शीळ घालतंय,"
भागोजी माझ्या कानाशी ओरडला,
"साळा चुकवल्याल्या पोरागत."

मी शालनकडं पाहिलं, नेहमीसारखी सांगेल म्हणून.
ती सांगेना.
पदर सावरला, इकडंतिकडं बघितलं
(बाईमाणसानं शीळ घातली की लक्ष्मी जाते,
म्हणायची माझी आई)
आणि ओठांचा चंबू केला.
चौतीस वर्षांत हे तोंड मी पाहिलं नव्हतं.
गाल आत. भुवया वर. गळ्याची शीर ताठ.
कुणी शिकवलं? कधी? माहेरी, म्हशींच्या मागं?
मला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही.
पण पाखरू थांबलं,
मान तिरकी केली.
मग त्याची चोच. मग तिचे ओठ. मग चोच.
भागोजी हातातली काठी विसरून हसत होता,
आणि मला, साठीच्या माणसाला,
जरा राग आला त्याचा.
कान असल्याचा.

परतताना काहील पुन्हा गरगरली.
मी तिच्या गालाला दोन बोटं लावली,
म्हटलं, घाल.
"इथं? लोक काय म्हणतील?"
लोक म्हणजे भागोजी आणि एक खंड्या.
घातली.
बोटांखाली बारीक थरथर,
धोट्यातून सुटणाऱ्या धाग्यासारखी,
न तुटता.
काठ लागला तरी
भागोजीला कळेना,
आम्ही उतरत का नाही.